परदेशात मांस घेताना: पाकीट की काउंटर?

परदेशात नवीन गेलेल्या, मांसाहारी आणि स्वतः स्वयंपाक करणाऱ्या माणसाला दोन वाटा असतात. सुपरमार्केटच्या फ्रीजमधून पाकीट उचलायचं, लेबलावर मोबाइल धरायचा आणि भाषांतरात काय येतं ते बघायचं. नाहीतर काउंटरपाशी उभं राहून खाटकाशी बोलायचं, मग भाषा येवो न येवो. पहिली वाट मी दीडेक वर्ष धरली, दुसरी त्यानंतर.

पाकिटाच्या बाजूने बरंच बोलता येईल. मागे रांग नाही, कुणी तोंडाकडे बघत नाही, वजन आणि तारीख छापलेली. युरोपियन युनियनमध्ये तर गोमांसाच्या लेबलावर जनावर कुठे जन्मलं, कुठे वाढलं, कुठे कापलं हे लिहावंच लागतं. १ एप्रिल २०१५पासून डुक्कर, मेंढी, शेळी आणि कोंबडीच्या पाकीटबंद ताज्या मांसावरही जनावर कुठे वाढवलं आणि कुठे कापलं हे येतं. ज्यांना हे महत्त्वाचं वाटतं त्यांनी पाकीटच घ्यावं, मी वाद घालणार नाही.

अडचण नावांची आहे. त्यातली काही नावं निदान हसवतात तरी. फ्रान्समध्ये मेंढीच्या पायाच्या मांसल नळीला 'सूरी' म्हणतात, आणि शब्दशः भाषांतर केलं की पाकिटात 'कोकराचा उंदीर' निघतो. अर्जेंटिनात कुशीच्या मांसाला 'वासीओ' म्हणजे 'रिकामं' हे नाव आहे, आणि तिथल्या 'बिफे दे चोरिसो'मध्ये चोरिसो सॉसेजचा अंशही नसतो, तो पाठीचा स्टेक. असं भाषांतर आलं की आपण सावध होतो, दुसरीकडे विचारतो. त्यामुळे नुकसान होत नाही.

नुकसान होतं ते ओळखीच्या वाटणाऱ्या नावांनी. इंग्लंडमध्ये 'सरलॉइन' मागितलं तर पाठीचा जो भाग मिळतो त्याला अमेरिकेत 'स्ट्रिप' म्हणतात. आणि अमेरिकेतलं 'सरलॉइन' हे साधारण इंग्लंडमधलं 'रम्प', म्हणजे पुठ्ठ्याचं मांस. 'फिले मिन्याँ' अमेरिकेत गाईचं, फ्रान्समध्ये बहुतेक वेळा डुकराचं. जे डुक्कर खात नाहीत त्यांच्यासाठी ही गंमत नाही. अमेरिकेतलं 'बॉस्टन बट' नावावरून डुकराचा मागचा भाग वाटतं, असतो मात्र खांदा. आणि 'मटण' हा शब्द आपण बोकडासाठी सर्रास वापरतो, पण ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन लेबलावर त्याचा अर्थ वाढलेली मेंढी. बोकड हवा असेल तर 'गोट' हाच शब्द शोधायचा.

घाऊक व्यापारात यावर उतारा म्हणून प्रत्येक भागाला आकडा आहे. अमेरिकेत १८० म्हणजे स्ट्रिप, १८९ म्हणजे टेंडरलॉइन, पाठीच्या आतला मऊ पट्टा. हॉटेल चालवणार असाल तर पाठ करा. आठवड्याला किलोभर मांस घेणाऱ्याला त्यांचा उपयोग मला तरी झाला नाही.

खरं सांगायचं तर हे सगळं मी वहीत लिहून ठेवून निभावून नेलं असतं. माझं मन उडालं ते एकाच गोष्टीवरून: 'रश्शाचे तुकडे' या पाकिटावरून. जाईन त्या देशात हे पाकीट दिसलं. त्यावर मांस कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं, जनावराच्या कुठल्या भागाचं आहे ते नसतं. एकदा चार जण जेवायला यायचे होते. दोन पाकिटं आणली, दोन तास शिजवली. वाढायला घेतलं तर एक तुकडा चमच्याने तुटतोय, त्याच्या शेजारचा रबरासारखा. आणखी पाऊण तास ठेवलं. जे मऊ होते त्यांचा चोथा झाला, काही सुके दोरे झाले, आणि दोन-तीन तुकडे तरीही चिवट ते चिवटच. एका पाहुण्याने एक तुकडा हळूच ताटाच्या कडेला सरकवला, तो मला अजून दिसतो.

कारण नंतर कळलं, आणि ते अगदी साधं आहे. मान, खांदा, नळी हे राबणारे स्नायू. त्यांत कोलॅजन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारा चिवट पदार्थ, भरपूर. मंद आचेवर ओलाव्यात दोन-तीन तास मिळाले की त्याचं जिलेटिन होतं आणि मांस लुसलुशीत लागतं. मागच्या मांडीच्या कमी चरबीच्या मांसाला तेवढाच वेळ दिला तर ते कोरडं पडतं. पाकिटात दोन्ही एकत्र असतील तर कितीही चांगला स्वयंपाकी असो, दोन्ही एकाच वेळी नीट शिजणार कसे? वर सगळे तुकडे सारख्या चौकोनात कापलेले, हाड काढलेलं. बघून ओळखायलाही काही उरत नाही.

पुढच्या शनिवारी काउंटरवर गेलो. तिथल्या भाषेतले माझे शब्द 'नमस्कार'पाशी संपत होते. मी स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला, तीन बोटं दाखवली आणि मनगटावरच्या घड्याळावर टिचकी मारली. खाटकाने मान हलवून खांद्याचा मोठा तुकडा काढला, तळहातावर उलटा केला आणि मधून जाणारी पांढरी शीर अंगठ्याने दाबून दाखवली. मग स्वतःच्या मानेकडे बोट केलं, भुवया उंचावल्या. निम्मं खांद्याचं, निम्मं मानेचं घेतलं. हाडासकट हवं हे सांगायला हवेत करवत चालवावी लागली. तुकडे केवढे ते दोन बोटांत अंतर धरून दाखवलं. मागची बाई हसत होती. मागच्या मांडीचं मांस मागायचं असतं तर कुठे हात ठेवला असता, हा प्रश्न सुदैवाने आला नाही.

काउंटरचेही त्रास आहेत. गर्दीच्या वेळी हे मूकनाट्य कुणालाच नको असतं, एखादा खाटीक त्याला खपवायचं असेल तेच गळ्यात मारतो, आणि माझ्या खिशाला तरी ते थोडं महागच पडलं. कोंबडीसाठी मी आजही पाकीटच घेतो, तंगडी कुठल्याही देशात तंगडीच दिसते. खिमाही पाकिटातला बरा, कारण त्यावर चरबीचं प्रमाण छापलेलं असतं.

रश्शासाठी मात्र माझ्या मते काउंटर. जाण्याआधी तिथल्या भाषेत मान, खांदा, नळी, हाड एवढे चार शब्द तोंडपाठ करून जा. खाटकाला पदार्थाचं नाव सांगण्यात वेळ घालवू नका, तो त्याने ऐकलेलाच नसतो. किती तास शिजवणार ते सांगा, त्यावरून तो भाग निवडतो. आणि सकाळी लवकर जा. मानेचे तुकडे दुपारपर्यंत उरत नाहीत, निदान मी जायचो त्या दुकानात तरी.