'मिस पेरेग्रिन' की 'सिटी ऑफ बोन्स'?
घरच्यांनी दडवलेला अलौकिक वारसा वयात येणाऱ्या पोराला सापडतो, हे सूत्र दोन्ही कादंबऱ्यांत आहे. कॅसांड्रा क्लेअर यांच्या 'सिटी ऑफ बोन्स'मधली (२००७) क्लेरी न्यूयॉर्कची, पंधरा वर्षांची. इतरांना न दिसणारी माणसं तिला एका क्लबात दिसतात, पाठोपाठ आई गायब होते. रॅन्सम रिग्ज यांच्या 'मिस पेरेग्रिन्स होम फॉर पिक्युलियर चिल्ड्रन'मधला (२०११) जेकब फ्लोरिडाचा. आजोबांच्या भयानक मृत्यूनंतर तो वेल्सच्या एका बेटावर पोचतो.

रहस्य म्हणून मला रिग्ज कितीतरी सरस वाटतात. आजोबा पोलंडमधून निसटलेले ज्यू. त्यांच्या गोष्टींतले राक्षस म्हणजे नाझी, अशी घरच्यांची समजूत. ती अपुरी आहे हे उलगडताना अंगावर काटा येतो. त्यात संग्राहकांकडून मिळवलेले खरेखुरे जुने फोटो. बेटावर ३ सप्टेंबर १९४० हा एकच दिवस पुन्हापुन्हा उगवतो. जेकबचा वारसाही जड आहे: राक्षस पाहू शकणारी नजर. उत्तरार्धात मात्र धावपळ वाढते, गूढ विरळ होतं.

क्लेअर यांचा वेग जास्त, संवाद चुरचुरीत. आईनेच लेकीच्या आठवणींवर पडदा टाकवून घेतला, ही कल्पना जबरदस्त आहे. पण प्रेमाचा गुंता इतकी जागा खातो की शोध मागे पडतो.

नववी-दहावीतल्या वाचकाला थरार आणि प्रेमकथा हवी असेल तर क्लेअर. बाकी सगळ्यांनी आधी रिग्ज, आणि तेही छापील प्रतीत. फोनवर ते फोटो फारच बारीक दिसतात.