सोळा इंची आरसा, चौदा महिने आणि कडेचे आठ मिलिमीटर

माझ्या दुर्बिणीच्या एफ/४.५ च्या (नाभीय अंतर व्यासाच्या साडेचार पट) १६ इंची आरशासोबत आलेल्या प्रमाणपत्रावर ‘एक दशांश तरंग, स्ट्रेल गुणोत्तर ०.९६’ असे छापलेले होते. म्हणजे चूक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या दहाव्या भागाएवढी आणि प्रतिमेचा दर्जा, निर्दोष आरशाचा १ धरला तर, ०.९६. त्या आकड्यांच्या भरवशावर मी पहिले तीन महिने समाधानात काढले. तेजोमेघ आणि तारकागुच्छ उत्तम दिसतात. पण त्याचे फार कौतुक नको, कारण अंधूक वस्तूंवर सुमार आरसाही निभावून जातो. ग्रहांपुढे मात्र लपवाछपवी चालत नाही. वातावरण स्थिर असलेल्या रात्रीही २०० पटींच्या पुढे गुरूच्या पट्ट्यांवर साय धरल्यासारखी वाटू लागली, तेव्हा मी ताऱ्यावर चाचणी घेतली: फोकस मुद्दाम थोडा आत आणि थोडा बाहेर सरकवून ताऱ्याची पसरलेली चकती पाहिली.

फोकसच्या आत ताऱ्याची चकती लंबगोल आणि बाहेर त्याच्याशी काटकोनात लंबगोल दिसली. हा काचेतलाच अ‍ॅस्टिग्मॅटिझम (दोन काटकोनी दिशांतला प्रकाश वेगवेगळ्या अंतरावर एकवटण्याचा दोष), असे ठरवून मी विक्रेत्याला खरमरीत पत्र लिहिले. ती घाई झाली. आरसा ९० अंश फिरवून बसवल्यावर लंबगोलाची दिशा तसूभरही हलली नाही; दोष काचेत असता तर ती आरशाबरोबर फिरली असती. कडेला आधार देणारा पट्टा एका बाजूने घसरला होता. तो सरळ करताच चकती गोल झाली आणि मी माझे शब्द मागे घेतले.

साय मात्र गेली नाही. दोन तास पंखा चालवून आरसा निववल्यावरही फोकसच्या आत बाहेरचे वलय केसाळ आणि पुसट, तर फोकसच्या बाहेर तेच रेखीव दिसे. रोंकी जाळीतून (आरसा तपासण्याची समांतर बारीक रेघांची पट्टी) दिसणाऱ्या रेषांची टोकेही कडेशी आकड्यासारखी वळत होती. आरशाची कड खाली वळलेली आहे, म्हणजे घासताना तिथे काच जास्त झिजली आहे, याबद्दल शंका उरली नाही.

विक्रेत्याने प्रमाणपत्रातल्या एका बारीक ओळीकडे बोट दाखवले: बाहेरचे ८ मिलिमीटर मोजणीत धरलेले नाहीत. ४०६ मिलिमीटर व्यासाच्या आरशात एवढ्याशा पट्टीचे क्षेत्रफळ जवळजवळ आठ टक्के भरते. म्हणजे पैसे सोळा इंचांचे घ्यायचे आणि परीक्षा १५.४ इंचांची! शिवाय मोजणी ६३२.८ नॅनोमीटरच्या लाल लेझरने केलेली. डोळ्याला जवळच्या ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात त्याच चुकीचा अपूर्णांक मोठा होतो, हेही तिथे कुठे लिहिलेले नाही.

शेवटी काळ्या जाड कागदाचे आठ मिलिमीटर रुंदीचे कडे कापून आरशाच्या कडेवर बसवले. फोकसच्या दोन्ही बाजूंची वलये सारखी झाली आणि गुरूच्या पट्ट्यांच्या कडा स्वच्छ उमटल्या. प्रकाशातली घट ०.१ प्रतीहूनही (प्रत म्हणजे ताऱ्यांची तेजस्विता मोजण्याचे एकक) कमी असल्याने ती मला एकदाही जाणवलेली नाही. आतली काच खरोखर चांगली घासलेली आहे, हे मान्य करावेच लागते.

विक्रेता आरसा पुन्हा घासून द्यायला तयार आहे, पण जाण्यायेण्याचा आणि नव्या परावर्तक लेपाचा खर्च माझ्यावर टाकतो. त्यामुळे मी दुरुस्ती नको म्हटले आणि किमतीच्या आठ टक्के रक्कम परत मागितली. दीड महिना झाला, उत्तर आलेले नाही.