मायोर्कात घर घेतलं: एजंट, वकील आणि विहिरीचं पाणी

तीस वर्षं जहाजाच्या इंजिन रूममध्ये काढली, त्यातली शेवटची अकरा चीफ इंजिनिअर म्हणून. स्पेनच्या मायोर्का बेटावर, पाल्माच्या बंदरात आमचं जहाज कितीतरी वेळा लागलं. निवृत्तीनंतर समुद्राजवळ राहायचं तर इथेच, हे तेव्हाच मनात बसलं होतं. शेवटी याच बेटावरच्या सोयेर गावात घर घेतलं, अकरा लाख युरोंना. आम्हा दोघांची जवळजवळ सगळी शिल्लक त्यात गेली. या व्यवहारात ज्यांच्याकडून सेवा घेतली त्यांची नावं देत नाही, पण कोणाचं काम कसं होतं ते सविस्तर लिहितो, कारण आम्हाला मराठीत असं काहीच वाचायला मिळालं नव्हतं.

आधी एजंट. इथे एजंटचं कमिशन बहुतेक वेळा विकणारा देतो. म्हणजे तो तुम्हाला विमानतळावरून घेऊन येईल, जेवायला नेईल, पण माणूस समोरच्याचा. हे आम्हाला उशिरा उमगलं. आमच्या एजंटच्या जाहिरातीत 'घर घ्या, रहिवासी परवाना मिळवा' अशी ओळ होती. स्पेनची ती गोल्डन व्हिसा योजना ३ एप्रिल २०२५ ला बंद झाली आहे. आमच्यासारख्या युरोपीय संघाबाहेरच्या पासपोर्टवाल्यांना घर घेतलं तरी १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्याहून जास्त राहायचं तर वेगळा व्हिसा काढावा लागतो. जाहिरातीतल्या त्या ओळीबद्दल विचारलं तर 'जुना मजकूर राहिला असेल' म्हणाला. इतक्या मोठ्या रकमेच्या व्यवहारात असा जुना मजकूर राहता कामा नये, असं माझं ठाम मत आहे.

त्यानं दाखवलेली पहिली जागा म्हणजे सांतान्यीच्या बाजूची फिंका, म्हणजे शेतातलं घर. पिवळसर मारेस दगडाच्या भिंती, हिरव्या झडपांच्या खिडक्या, कॅरबची आणि बदामाची झाडं, दूर समुद्राची रेघ, आणि त्या रेघेला टेकल्यासारखा दिसणारा पोहण्याचा तलाव. किंमत साडेबारा लाख. बायको गच्चीवर उभी राहिली आणि बराच वेळ बोललीच नाही. मलाही ते घर हवंसं झालं होतं, खोटं कशाला सांगू.

पण सवयीनं मी आधी पंपाची खोली उघडायला सांगितली. इथल्या शेतघरांना बहुतेक वेळा गावचं नळाचं पाणी नसतं. विहीर, पावसाचं पाणी साठवायची जमिनीखालची टाकी, आणि दोन्ही आटलं की टँकर. सांडपाण्याला सेप्टिक टँक. पंपाच्या फ्लँजवर पांढरा थर होता आणि बोल्ट खाल्लेले. असे बोल्ट मी समुद्राच्या पाण्याच्या लाइनवर बघितलेले आहेत. विहिरीच्या नळाखाली ओंजळ धरून चव घेतली, खारट. खिशातलं कंडक्टिव्हिटी मीटर, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारं, बुडवलं तर आकडा ४,२०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर आला. युरोपात पिण्याच्या पाण्याला २,५०० ही मर्यादा आहे. किनाऱ्याजवळ विहिरींतून वर्षानुवर्षं जास्त उपसा झाला की गोड्या पाण्याची पातळी खाली जाते आणि समुद्र जमिनीखालून आत सरकतो. एजंट म्हणाला, "इथे सगळेच टँकर मागवतात." बायकोनं मला हळूच विचारलं, "अहो, या पाण्यावर ती झाडं तरी जगतील का?" तोच प्रश्न मी एजंटला विचारला, पण उत्तर देण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं.

त्याच आठवड्यात आम्ही स्वतःची वकील नेमली, आणि या सगळ्या व्यवहारात मनापासून कौतुक करावं असं काम तिचंच. फी किमतीच्या एक टक्का, अधिक २१ टक्के व्हॅट. एजंटनं सुचवलेला वकील आम्ही घेतला नाही. तिनं पहिल्याच दिवशी नोता सिंप्ले मागवला. हा मालमत्ता नोंदणी कार्यालयाचा उतारा: मालक कोण, कर्जाचा बोजा आहे का, बांधकाम किती. दहा-बारा युरोंत मिळतो. त्यात एकमजली १४० चौरस मीटरचं घर होतं. तलाव नव्हता, पाहुण्यांसाठीचं वेगळं घरही नव्हतं. एजंटनं कातास्त्रोचा कागद पुढे केला, त्यात दोन्ही दिसत होतं. तिनं आम्हाला शांतपणे समजावलं, की कातास्त्रो ही कर आकारणीसाठीची नोंद. कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, परवाना नगरपालिकेचा लागतो आणि तो कुठेच नव्हता.

शेतजमिनीवरची जुनी बांधकामं ठरावीक अटींवर पैसे भरून नियमित करायची सोय २०२४ मध्ये बालेआरिक बेटांवर, म्हणजे मायोर्का ज्यांत येतं त्या बेटांवर, झाली आहे. तिचं म्हणणं होतं, ते विकणाऱ्यानं आधी करून घ्यावं, मग बोलू. तो तयार झाला नाही. शिवाय आणखी एक गोष्ट निघाली. ही बेटं स्पेनच्या संरक्षणाच्या दृष्टीनं राखीव क्षेत्रात येतात, त्यामुळे युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला शेतजमीन घ्यायची तर लष्कराची परवानगी लागते. त्यात काही महिने जातात. एजंटच्या तोंडून हा विषय एकदाही निघाला नव्हता. आम्ही नको म्हणालो. बायको पुढचे दोन दिवस त्या घराचे फोटो बघत होती, आणि मी तिला थांबवलं नाही.

सोयेरचं घर जानेवारीत बघितलं, मुद्दाम. त्रामुंताना डोंगररांगेनं वेढलेलं हे खोरं. हिवाळ्यात सूर्य डोंगराआड लवकर जातो आणि दगडी घरं आतून गार पडतात. जाहिरातींतले फोटो सगळे उन्हाळ्यातले, त्यांत हे कळत नाही. एकोणिसाव्या शतकापासून संत्र्यांच्या व्यापारासाठी फ्रान्सला गेलेले इथले लोक पैसा घेऊन परतले आणि त्यांनी अशी घरं बांधली: उंच छत, नक्षीदार सिमेंट टाइल, मागे भिंतीनं वेढलेली बाग. आमच्या बागेत तीन संत्र्यांची झाडं आहेत. १९१२ पासून चालणारी पाल्माची लाकडी आगगाडी इथे येते. गावठाणातली जागा असल्यामुळे लष्करी परवानगीचा प्रश्न आला नाही, आणि नळाला नगरपालिकेचं पाणी.

राहण्यायोग्यतेचा दाखला, सेदुला, वकिलानं आधीच तपासला. तो नसला की वीज-पाण्याचा करार अडतो. मग साठेखत, इथे अरास म्हणतात, आणि दहा टक्के म्हणजे १,१०,००० युरो. स्पेनच्या दिवाणी संहितेच्या कलम १४५४ नुसार आम्ही मागे हटलो तर ही रक्कम गेली, विकणारा हटला तर त्यानं दुप्पट परत करायची. ते कलम साठेखतात नाव घेऊन लिहिलेलं आहे ना, हे तिनं आम्हाला बोट ठेवून दाखवलं.

कराचा हिशेब मांडतो, कारण जाहिरातीतल्या किमतीत तो नसतो. जुन्या घरावरचा हस्तांतरण कर इथे टप्प्यांनी चढतो: पहिल्या चार लाखांवर ८ टक्के, सहा लाखांपर्यंत ९, दहा लाखांपर्यंत १०, त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२. आमचे झाले १,०२,००० युरो. नोतारियो (खरेदीखत करून देणारा सरकारमान्य अधिकारी), नोंदणी आणि वकील वेगळे. विकणारा स्पेनमध्ये राहणारा नव्हता, त्यामुळे ३ टक्के, म्हणजे ३३,००० युरो, त्याला न देता महिन्याच्या आत आम्ही कर खात्यात भरायचे होते. विसरलो असतो तर त्याची जबाबदारी आमच्या घरावर आली असती. हे विकणाऱ्याकडचं कोणीही सांगणार नाही.

खरेदीखताच्या दिवशी नोतारियोनं ताजा उतारा मागवून बघितला, बँकेचे चेक तपासले आणि दुभाष्याकडून एकेक परिच्छेद आम्हाला समजल्याची खात्री करून मगच सह्या घेतल्या. दीड तास लागला. घाई नाही, उपकाराचा आव नाही. त्या कार्यालयाला मी पूर्ण गुण देईन, वकिलाला त्याहून जास्त. एजंटला पाचपैकी दोन, तेही किल्ल्या देताना बॉयलर नीट समजावून दिल्याबद्दल.

घरात एक दोष आम्हाला माहीत असून घेतला. मागच्या खोलीच्या भिंतीत ओल आहे. जानेवारीत माझ्या ओल मोजायच्या मीटरवर १९ टक्के आली होती, त्याच्या जोरावर वकिलानं किंमत पंधरा हजारांनी उतरवून घेतली. जुन्या दगडावर कोणीतरी सिमेंटचं प्लास्टर मारलं होतं, त्यामुळे ओल आतच कोंडली होती. गावातल्या गवंड्यानं ते खरवडून चुन्याचा गिलावा केला आहे. खोली सध्या रिकामी ठेवली आहे, खिडकी दिवसा उघडी असते. येत्या जानेवारीत त्याच जागी, जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर, पुन्हा मीटर लावणार आहे आणि जो आकडा येईल तो इथेच खाली लिहीन.