शिडी न आणता फायर अलार्म टेस्ट करायला येणाऱ्याला दारातूनच परत पाठवा

१,३३,२०० रुपये. दोन वर्षांत एका माणसाला एवढे पैसे दिले आणि त्या बदल्यात मिळाले छताला चिकटवलेले चौदा पांढरे डबे, ज्यांच्यात वायरच नव्हती.

'सर, तुमच्यासारखा माणूस कसा फसला?' असं विचारणारे गावात कमी नाहीत, म्हणून हिशोबच देतो. फायर अलार्मची सिस्टीम बसवायचे ८६,०००. एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभालीचे, वर्षाला १४,००० प्रमाणे २८,०००. बी फॉर्मचे, म्हणजे सहामाही तपासणीच्या दाखल्याचे, ३,५०० प्रमाणे चार वेळा, म्हणजे १४,०००. आग विझवायचे आठ सिलिंडर 'रिफिल' केल्याचे ५,२००. यातले ५०,००० चेकने गेले, बाकी नगदी. कारण काय, तर 'पक्क्या बिलाले अठरा टक्के जीएसटी लागते सर, कायले सरकारले देता?' वॉरंटीच्या वर्षातही एएमसी घेतली पठ्ठ्याने. माझ्या डोक्यात नाही आलं. मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं, इलेक्ट्रॉनिक्स नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची इमारत आहे. रिटायरमेंटचे सगळे पैसे तिच्यात गेले. खाली कृषी केंद्र आणि मोबाईलचं दुकान, पहिल्या माळ्यावर डॉक्टरांचा दहा खाटांचा दवाखाना, त्याच्यावर अभ्यासिका. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली, तेव्हापासून दवाखान्यांच्या मागे फायरच्या कागदांचा तगादा लागला. तो लागायलाच पाहिजे होता, माझं भांडण कायद्याशी नाही. कायदा २००६ चा आहे, महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम. मालक असो की भोगवटादार, यंत्रणा बसवायची, ती कायम चालू ठेवायची आणि परवाना असलेल्या एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत तपासून 'प्रपत्र ब' द्यायचं. यालाच सगळे बी फॉर्म म्हणतात. भाडेकरूवर ढकलून मालक मोकळा होत नाही, हेही ज्यांना माहीत नसेल त्यांनी माहीत करून घ्या.

२०२२ च्या दिवाळीनंतर नगर परिषदेची नोटीस आली आणि त्याच आठवड्यात हा माणूस दारात. पाया पडला, 'सर, मी तुमचाच विद्यार्थी समजा' म्हणाला. नोटिशीची तारीखही त्याला पाठ होती. ती त्याला कोणी सांगितली हे मी इथे लिहीत नाही, ज्यांना समजायचं ते समजतील.

आता ती शिडीची गोष्ट. जानेवारी २०२३ मध्ये पहिलं 'टेस्टिंग' झालं. छत साडेअकरा फुटांवर, चौदा डिटेक्टर, म्हणजे धूर ओळखणारे ते डबे, वर, आणि हा हातात एक फाईल घेऊन आला. शिडी नाही, स्टूल नाही, धुराचा स्प्रे नाही. पॅनलपाशी, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीपाशी, उभा राहिला, एक बटण दाबलं, भोंगा कडाडला, दवाखान्यातले पेशंटचे नातेवाईक दचकून बाहेर आले, आणि हा म्हणतो, 'पाहा सर, एकदम ओके.' अभ्यासिकेतल्या एका पोट्ट्याने विचारलंसुद्धा, 'धूर देऊन नाही पाहात का भाऊ?' तर म्हणे, 'धूर देल्ला तं डिटेक्टर काळा पडते, मंग वॉरंटी जाते.' आणि मी, राजेहो, त्या पोराला गप्प बसवलं. म्हटलं, तुला जास्त समजते का?

आठवलं की अजून कान तापतात. ते बटण फक्त पॅनल आणि भोंगा तपासायचं असतं. वरच्या डब्याशी त्याचा काही संबंध नाही. डिटेक्टर तपासायचा तर त्याच्यापर्यंत जावंच लागतं. धुरासाठी बनवलेला डबा धुराने खराब होतो म्हणे! पण समोर हिरवा दिवा आहे, भोंगा वाजतो आहे, शिक्क्याचा कागद हातात पडतो आहे. तुम्ही असता तर काय केलं असतं? मी वायरी उघडून पाहिल्या असत्या का?

एक साधी तपासणी सांगतो, मला नंतर एका चांगल्या इलेक्ट्रिशियनने दाखवलेली. डिटेक्टर फिरवून त्याच्या बेसमधून काढा. वायरिंग खरं असेल तर पॅनलवर लगेच 'फॉल्ट' आला पाहिजे. हिरवा दिवा तसाच राहिला, तर समजा तुमचाही पैसा गेला.

नोव्हेंबर २०२४. रात्री अकराच्या सुमारास जिन्याखालच्या मीटर रूममध्ये केबल तापून जळायला लागली. काळा, प्लास्टिकचा वास असलेला धूर जिन्यातून वर चढला. वर पोलीस भरतीची पोरं वाचत बसलेली, खाली दवाखान्यात सलाईन लावलेले पेशंट. भोंगा गप्प. एका पोराने जिन्यातल्या लाल डबीची, म्हणजे हाताने अलार्म वाजवायच्या डबीची, काच कोपराने फोडली, हाताला लागलं त्याच्या, तरी काही नाही. मला फोन आला तो असा: 'सर, काच फोडली तरी वाजून नाई रायलं.' सिलिंडर उघडला तर दोन चिमूट पावडर पडली आणि संपला. पेशंट पोरांनीच उचलून बाहेर आणले. कृषी केंद्रात फवारणीची औषधं भरलेली, तिथवर आग गेली असती तर हे लिहायला मी नसतो. लायनमनने लाईन बंद केली, धुमसणं थांबलं. कोणाला काही झालं नाही, हे त्या पोरांमुळे.

दुसऱ्या दिवशी पॅनल उघडलं. वायरच्या शेवटच्या डिटेक्टरवर एक छोटा रेझिस्टर असतो, त्याच्यावरून पॅनलला कळतं की लाईन शाबूत आहे. हा रेझिस्टर त्याने पॅनलमध्येच, स्क्रूखाली दाबून टाकला होता. म्हणजे पॅनलला वाटायचं सगळं ठीक, आणि वायर पीओपीच्या वर दोन हात जाऊन कापलेली. आत बॅटरीची जागा रिकामी. आमच्याकडे लाईन किती जाते हे विदर्भात कोणाला सांगायला पाहिजे? मेन स्विच पाडून पॅनल जिवंत राहते का पाहा, एवढं आजच करा.

बी फॉर्मवरचा परवाना क्रमांक दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका एजन्सीचा निघाला. त्यांना फोन केला, तर 'आमच्या नावावर हे चालू आहे हे आम्हालाही माहीत आहे' म्हणाले आणि फोन ठेवला. परवानाधारकांची यादी महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाकडे असते. यादीतल्या एजन्सीला स्वतः फोन लावून विचारा की हा माणूस तुमचा आहे का. कागदावर छापलेल्या नंबरवर लावू नका, तो त्याचाच असतो.

मग सरकारी दरवाजे. नगर परिषदेत गेलो. चारही बी फॉर्म त्यांनी आवक क्रमांक टाकून घेतलेले, एकदाही कोणी इमारतीत येऊन मान वर करून पाहिलं नाही. साहेब म्हणाले, 'आम्ही फक्त कागद स्वीकारतो.' कागद खोटा असला तर? 'ते तुम्ही पाहायचं, जबाबदारी मालकाची.' माझ्या लेखी तक्रारीवर त्यांनी केलेली एकमेव कारवाई म्हणजे मलाच नोटीस, वैध बी फॉर्म सादर न केल्याबद्दल! पोलीस ठाण्यात जमादार म्हणाला हा दिवाणी मामला आहे. खोट्या परवान्याचा कागद करून पैसे घेणं दिवाणी? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे, बनावट दस्तऐवजाला ३३६ आहे, मी लिहून नेलं होतं. ठाणेदार म्हणाले, 'सर, तुम्ही शिकले-सवरलेले, पक्कं बिल काहून नाई घेतलं?' बरोबर, चोराला सोडा आणि मास्तरची तोंडी परीक्षा घ्या. शेवटी जिल्हा पोलीस अधीक्षकांना पोस्टाने तक्रार पाठवली. ठाण्यात घेत नसतील तर तुम्हीही तेच करा, पोचपावती जपून ठेवा.

नगदी देऊ नका. टेस्टिंगच्या वेळी भाडेकरूला उभं करा, कोणत्या डिटेक्टरला धूर दिला ते वहीत लिहून दोघांची सही घ्या, आणि ती झाल्याशिवाय बी फॉर्मचा रुपया सोडू नका. सिलिंडर रिफिलला नेले तर त्यांच्यावर आधी स्वतःची खूण करा. माझे नुसते पुसून आणून ठेवले होते.

नव्या एजन्सीने ९४,४०० चं कोटेशन दिलं आहे, जीएसटी धरून. त्यांचा माणूस पाहायला आला तेव्हा गाडीवर शिडी होती. आणि जुन्याचा नंबर अजून चालू आहे. जानेवारी लागताच व्हॉट्सॲपवर त्याचा मेसेज आला, 'नमस्कार सर, बी फॉर्मचे ३,५०० पाठवून द्या.' पोलिसांना दाखवला तर म्हणाले, बोलवून घ्या त्याला, आम्ही येतो. बोलावलं. तो आला नाही, तेही आले नाहीत. यवतमाळ, वाशीम, वर्धा भागात कोणाच्या बी फॉर्मवर जांभळ्या शाईचा गोल शिक्का आणि टेस्टिंगच्या रकान्यात फक्त 'ओके' लिहिलेलं असेल, तर पॅनल उघडून पाहा आणि आपापल्या ठाण्यात तक्रार द्या. माझ्या एकट्याच्या अर्जावर ते हलत नाहीत.