धरमपेठेतला थॉमस अक्वायनसचा क्लास: पैसे वसूल, कूलर सोडून

तीन रविवार, ५०० रुपये, एका फ्लॅटच्या हॉलमध्ये. मैत्रिणीने ओढून नेलं म्हणून गेले, तेराव्या शतकातला ख्रिस्ती पंडित आपल्याला काय झेपणार असंच वाटत होतं, पण सर भारी शिकवतात बाप्पा! थॉमससोबत शिकणारी पोरं त्याला मुका बैल म्हणायची हे ऐकून एक काकू लगेच, "म्हणजे याचा पोळाच करायचा का?"

सगळ्यात आवडलं ते त्याचं 'सुम्मा' हे मोठं पुस्तक कसं लिहिलंय ते. आधी विरोधकांचे मुद्दे मांडायचे, तेही नीट, मग आपलं उत्तर, मग एकेका मुद्द्याला जबाब, म्हणजे आपला पूर्वपक्ष-उत्तरपक्षच की! आणि देव आहे का या प्रश्नावर पहिलाच आक्षेप काय, तर मग जगात वाईट का आहे.

देव आहे हे सिद्ध करायच्या थॉमसच्या पाच वाटांपैकी पहिली गतीची, काठी हलते कारण हात हलवतो वगैरे, ती तासभर ताणली, पण त्यामुळेच कळलं की तो "सुरुवात कधी झाली" हे विचारतच नाहीये, जगाला सुरुवात होती हे नुसत्या तर्काने सिद्ध होत नाही असं तो स्वतःच म्हणतो. बाकीच्या चार वाटा मात्र दहा मिनिटांत गुंडाळल्या, हे खटकलं. झेरॉक्स पुसट, कूलर नुसता आवाज करतो.

डिसेंबर १२७३ मध्ये त्याने लिहिणंच सोडलं, आजवर लिहिलेलं सगळं भुसकट वाटतंय म्हणाला, तेव्हा हॉल एकदम चूप. मग खाली तर्री-पोहे. चार स्टार. इंग्रजीची भीती असेल तरी जा, सगळं मराठीतच आहे.