वेबकॅमचा काही महिन्यांनंतरचा अनुभव: चित्र उत्तम, केबलने घात केला

वॉरंटीचा दावा गेल्या आठवड्यात फेटाळला गेला. कारण दिलं 'केबलला बाहेरून इजा'. ते वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसले. १०८०पी, ३० फ्रेम, ऑटोफोकस हे सगळं खोक्यावर छापलेलंच असतं, त्यात शिरत नाही.

चित्राबद्दल तक्रार नाही. दिवसाउजेडी रंग अगदी नैसर्गिक येतात, आणि वही समोर धरली की फोकस झटकन अक्षरांवर येतो. संध्याकाळी हात हलवला की मागे शेपूट दिसायचं. उजेड कमी पडला की कॅमेरा प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतो आणि ३० च्या १५ फ्रेम होतात. टेबललॅम्प समोरच्या भिंतीकडे वळवला, प्रश्न मिटला. दिव्याखाली चित्रात पट्टे सरकत असतील तर सेटिंगमध्ये ५० आणि ६० हर्ट्झमधलं तुमच्याकडच्या विजेचं निवडा.

खरा त्रास वेगळाच. हा कॅमेरा दोन तऱ्हांनी दगा द्यायचा. कधी चित्र गोठायचं: कॅमेऱ्यावरचा दिवा चालू, आवाज चालू, चेहरा मात्र अर्ध्या शब्दावर अडकलेला. कधी दिवाच विझायचा, यूएसबी निघाल्याचा आवाज यायचा आणि पाठोपाठ पुन्हा जोडल्याचा. सपोर्टवाल्यांचं दोन्हींवर एकच पालुपद, 'ड्रायव्हर परत टाका'. अहो, हा यूव्हीसी, म्हणजे यूएसबी व्हिडिओच्या ठरलेल्या मानकाने चालणारा कॅमेरा आहे. त्याचा ड्रायव्हर विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांत मुळातच असतो. कंपनीचं सॉफ्टवेअर फक्त रंग आणि झूम बदलायला. तरी त्यांच्या समाधानासाठी डिव्हाइस मॅनेजरमधून काढून परत जोडून पाहिला. फरक शून्य.

गोठण्याचं मूळ सापडलं ते हबमध्ये, म्हणजे एका यूएसबी पोर्टाचे अनेक करणाऱ्या डबीत. कागदावर लिहिलेलं दाखवायला मी दुसरा जुना वेबकॅम लावते, आणि दोन्ही एकाच हबवर होते. हिशेब करून पाहा. १०८०पी चित्र न दाबता, म्हणजे एका पिक्सेलला २ बाइट धरून, सेकंदाला ३० वेळा पाठवायचं तर दर सेकंदाला जवळपास ९९५ मेगाबिट लागतात. यूएसबी २.० ची कमाल ४८०, आणि तीही प्रत्यक्षात पूर्ण मिळत नाही. म्हणून कॅमेरा एमजेपीईजीत, म्हणजे प्रत्येक फ्रेम जेपीईजी फोटोसारखी दाबून पाठवतो. पण प्रत्येक कॅमेरा सुरू होतानाच रस्त्यातली आपली जागा राखून मागतो. दोघांनी मागितली की एकाला कमी पडते. वाटेत हरवलेला डेटा पुन्हा पाठवायची सोयही या पद्धतीत नाही, त्यामुळे झटका लगेच चित्रात दिसतो. हब ३.० चा असला तरी २.० चे कॅमेरे त्याच ४८० मध्ये वाटेकरी राहतात, हे हब विकणारे सांगत नाहीत.

याच कॉम्प्युटरवर विंडोजसोबत लिनक्सही आहे. तिथे दुसरा कॅमेरा सुरू केला की 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' असा संदेश यायचा. डिस्क अर्धी रिकामी! ती जागा यूएसबीवरची, डिस्कवरची नव्हे. मग हा कॅमेरा थेट मदरबोर्डच्या मागच्या पोर्टात लावला, जुना हबवर ठेवला आणि ओबीएस या व्हिडिओ रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोघांचा फॉरमॅट एमजेपीईजी केला. गोठणं कायमचं बंद.

विंडोज झोपेतून उठली की कॅमेरा गायब व्हायचा, त्यावरही उपाय मिळाला. पॉवर प्लॅनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वापर नसलेलं यूएसबी उपकरण झोपवण्याची सोय) बंद केलं आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायची खूण काढली. त्यानंतर कॅमेरा इतका छान चालला की मी पाचपैकी साडेचार तारे द्यायच्या बेतात होते.

ते साडेचार आता राहिले नाहीत. मीटिंगमध्ये कॅमेरा जरा खाली वाकवला की पुन्हा गायब व्हायला लागला. मागचा पोर्ट, दुसरा पोर्ट, दुसऱ्याचा लॅपटॉप, सगळीकडे तेच. शेवटी लिनक्सवर 'डीमेसेज' (सिस्टिमचे संदेश दाखवणारी कमांड) चालू ठेवून केबल हळूहळू चाचपत गेले. प्लगपाशी काही नाही, मध्ये काही नाही. कॅमेऱ्याच्या पाठीत केबल शिरते तिथे बोट लागलं की लगेच पडद्यावर 'एरर -७१', म्हणजे यूएसबीवरचा संवाद बिघडल्याची खूण. केबल डावीकडे दाबून धरली की कॅमेरा सापडतो, सोडली की जातो.

ती जागा नीट पाहा. केबल पाठीतून आडवी बाहेर येते आणि मॉनिटरच्या कडेवरून तिथेच काटकोनात खाली वळते. ताण सोसायला रबराची बाहीसुद्धा नाही. कॅमेरा वाकवायची सोय कंपनीनेच दिली आहे, म्हणजे रोज वाकणार तीच जागा. याला बाहेरची इजा म्हणायचं? कॅमेरा कधी पडला नाही, केबल कधी ओढली नाही. व्हिडिओ पाठवला, एररच्या ओळी पाठवल्या. उत्तर एकच: 'वॉरंटीत बसत नाही, नवीन घ्या.' निव्वळ केबलपायी चांगली लेन्स, चांगला सेन्सर, दोन माइक कचऱ्यात टाकायचे, हे मला पटत नाही.

वॉरंटी नाकारलीच होती, म्हणून मागचे स्क्रू काढले. आत केबल बोर्डाला सोल्डर केलेली नाही, छोट्या प्लगने जोडलेली आहे! मल्टिमीटर लावून केबल हलवली तर हिरव्या तारेचा संपर्क तुटत होता. ही डेटाच्या दोन तारांपैकी एक, आणि हिच्यावरूनच कॅमेरा कॉम्प्युटरला आपण जोडलेले आहोत हे कळवतो. ती सुटली की कॅमेरा गेलाच. खराब तुकडा कापला, तारा रंगाला रंग जुळवून डाग दिला, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. केबलला सैल वळण देऊन ते मॉनिटरच्या स्टँडला बांधलं. आता वाकवा, फिरवा, दिवा विझत नाही.

चित्राला पाच, केबलला एक, सर्व्हिसला तोही नाही. आत प्लग आहे म्हणजे केबल बदलता येते. मग कंपनीने ती सुटी विकावी. तीच मागणी मी तक्रारीच्या उत्तरात लेखी कळवली आहे. तुमच्याकडे हाच कॅमेरा असेल तर तुम्हीही कळवा, आणि केबलला ते सैल वळण आजच द्या.