पणजीतील जुन्या वस्तूंचे दुकान: शोभेसाठी जरूर, स्वयंपाकासाठी नको

गेल्या महिन्यात पणजीच्या जुन्या वस्तीतील एका दुकानातून मी झाकणाचे जुने चिनी मातीचे भांडे विकत घेतले. दुकानाची मांडणी नेटकी आहे, भाव रास्त आहेत आणि जुनी घरे रिकामी होताना निघालेल्या बश्या, सुरया व बरण्या तेथे निगुतीने जपलेल्या दिसतात. या भांड्याला बाहेरून हिरवी आणि आतून पिवळसर नारिंगी झिलई होती. त्यात स्वयंपाक करता येईल का, असे मी स्पष्टच विचारले, तेव्हा "आजीच्या काळी यातच शिजवत असत" एवढेच उत्तर मिळाले. माझी मुख्य तक्रार या उत्तराविषयी आहे.

झिलई कमी उष्णतेवर वितळावी आणि तिला चकाकी यावी म्हणून पूर्वी तिच्यात शिशाचे ऑक्साइड मिसळले जाई. ती नीट भाजली गेली नसेल किंवा वापराने तिच्यावर केसासारख्या भेगा पडल्या असतील, तर हे शिसे अन्नात उतरू शकते, आणि पदार्थ जितका आंबट, जितका गरम व जितका वेळ भांड्यात राहिलेला, तितके ते अधिक उतरते. आमच्या घरी हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, आमसूल असते, सोलकढी सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच भांड्यात राहते आणि कैरीचे लोणचे तर वर्षभर मुरते. भांडे घासून किंवा उकळून झिलईतील शिसे जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, आणि पोटात गेलेले शिसे लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या 4 ते 5 पट शोषून घेऊ शकते. माझा नातू 3 वर्षांचा आहे.

म्हणून घरगुती तपासणीची काडी मागवून ती आतल्या बाजूस घासली. टोक गुलाबी-लाल झाले. यावरून शिसे आहे एवढेच कळते. ते अन्नात किती उतरते हे प्रयोगशाळाच सांगू शकते. तेथे भांड्यात 4 टक्के ॲसेटिक आम्ल, म्हणजे साधारण घरच्या व्हिनेगरइतके आंबट द्रावण, 24 तास ठेवून त्यात उतरलेले शिसे मोजतात. काडीचा रंग बदलला नाही म्हणूनही भांडे निर्धोक ठरत नाही, हे मुद्दाम सांगते.

दुकानदारांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि भांड्याच्या बदल्यात भिंतीवर लावायची एक सुरेख निळी बशी दिली. "केवळ शोभेसाठी" अशी चिठ्ठी प्रत्येक जुन्या भांड्यावर लावावी, अशी विनंती मी केली व त्यांनी ती मान्यही केली. आठ दिवसांनी पुन्हा गेले, तेव्हा तेच भांडे त्याच फळीवर चिठ्ठीविना ठेवलेले होते.